पहिलं सोलो, सोबत बाबा

चहा येतोय, बसा. पण आधी एक कबूल करा, मधे कोणी हसायचं नाही. हा किस्सा सांगताना माझं डोकं आजही तापतं, आणि एकदा तापलं की समोर कोण बसलंय ते मला दिसत नाही. माझी बायको शुभदा म्हणते, तुम्ही रागातच जन्मलात आणि रागातच रिटायर झालात. साफ खोटं! रिटायर झालो त्या दिवशी मी अगदी शांत होतो. निरोपाच्या बॅनरवर माझं नाव चुकवलं होतं, तरी फक्त दोघांनाच बोललो.

तर, गाढवपणा. माझाच, दुसऱ्या कोणाचा नाही. आणि तोही साधासुधा नाही, पोटच्या मुलीची नोकरी घालवायला निघालेला!

आमची रेवा पायलट आहे. हो, विमानाची! इथेच, इंदूरच्या एका फ्लाइंग क्लबात शिकली. पायलट होणार म्हणाली तेव्हा मी चिडलो. लायसन्स मिळालं, लोक अभिनंदनाला आले आणि पेढे संपले, तेव्हाही चिडलो. पण आतून खूश होतो हो. बापाला दोन्ही एकदम जमतं.

ह्या पायलट लोकांचं एक पुस्तक असतं, लॉगबुक. कोणत्या तारखेला, कोणतं विमान, किती वेळ उडवलं, शेजारी शिकवणारा होता की एकटीने उडवलं, सगळं त्यात लिहायचं. खाली शिकवणाऱ्याची सही. नोकरी मागायला गेलं की आधी हे पुस्तक उघडून बघतात. त्यात खोट निघाली की संपलं, मग तुम्ही घरी बसून पतंग उडवा.

आता आमच्या रेवाने कुठेतरी वाचलं की बाहेरचे पायलट आपलं लॉगबुक नुसतं आकड्यांचं ठेवत नाहीत, त्यात फोटो आणि आठवणी चिकटवतात. झालं! हिनेही सुरू केलं. नोंदींच्या समोरचं पान कोरं असतं, तिथे छोटे छोटे फोटो. धावपट्टीचा फोटो. ढगांचा फोटो. फाटक्या नकाशाचा तुकडा. धावपट्टीच्या कडेला सापडलेलं टिटवीचं पीस, वर पारदर्शक टेप लावून.

"पर्सनलाइज करतेय, बाबा," म्हणाली.

मी पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. मग शेवटून पहिल्यापर्यंत चाळलं. म्हटलं, "यात मी कुठे आहे?"

"तुम्ही?"

"मी! तुझी आई! माणसं! टिटवी आहे, बाप नाही!"

"बाबा, ते फ्लाइंगचं पुस्तक आहे."

"मग टिटवी काय पायलट आहे?"

"ती उडते तरी," स्वयंपाकघरातून शुभदा बोलली. तिला अशा वेळी बरोबर ऐकू येतं.

आणि एका पानावर तर कहर होता. फोटोत एक सीट. विमानातली, उजव्या बाजूची, रिकामी. वर पट्टा नीट बांधलेला. माणूस नाही, काही नाही, आणि रिकाम्या सीटला बेल्ट! मी विचारलं, "हे काय आहे?"

"तो माझा सगळ्यात आवडता फोटो आहे, बाबा," ती म्हणाली आणि पान उलटलं.

सगळ्यात आवडता! बापाचा एक फोटो नाही, आणि खुर्चीचा सगळ्यात आवडता! मला इतका राग आला की पुढे काही विचारलंच नाही. तेवढं एक वाक्य विचारलं असतं ना, तर आज तुम्ही माझ्याकडे फुकट चहा पीत बसला नसता.

मग एका मोठ्या विमान कंपनीचं बोलावणं आलं. दिल्लीला जायचं, कागद दाखवायचे, सगळं ठीक असेल तर पुढच्या बॅचमध्ये जागा पक्की. घरात नुसती धावपळ. रेवाला कसल्यातरी तपासणीसाठी एक दिवस भोपाळला जायचं होतं. जाताना लॉगबुक माझ्या हातात दिलं.

"बाबा, मल्हारगंजमध्ये ते बाइंडिंगवाले आहेत ना, त्यांच्याकडून याला चांगलं रेक्झिनचं कव्हर घालून आणाल? फक्त कव्हर हां. आत हात लावायचा नाही."

आता मला सांगा, ज्या माणसाने आयुष्यभर ट्रेझरीत सरकारी कागद सांभाळले, त्याला ही पोरगी सांगते, आत हात लावायचा नाही! मल्हारगंजच्या गल्लीत स्कूटर घालताना मी तेच वाक्य मनात घोळवत होतो. समोरून ठेला आला, मी त्याच्यावर ओरडलो. मागून रिक्षा आली, मी तिच्यावर ओरडलो. बाइंडिंगवाल्याने निळं कव्हर काढलं, मी म्हटलं, "भिया, जरा भारी दिखाओ, पायलट की किताब है, किराने की नहीं." तो बिचारा मरून रंगाचं काढून बसला. कव्हर झकास झालं. त्याच दुकानात सोनेरी पेन टांगलेलं दिसलं. तेही घेतलं.

हो, इथेच ठरलं. घरी येऊन ठरवलं असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं, पण इथेच ठरलं.

माझ्याकडे एक फोटो होता. क्लबाने एकदा पालकांना विमानं बघायला बोलावलं होतं, तेव्हाचा. मी विमानात बसलोय, उजव्या सीटवर. कानांवर हेडफोन, छातीवर पट्टा, अंगठा वर. शेजारी रेवा. फोटो शुभदाने काढलेला. आता हिने काढलेल्या फोटोत माझं डोकं पूर्ण येईल तर शपथ! पण त्या दिवशी ती दाराशी खाली वाकली होती, त्यामुळे माझ्या मागे खिडकीतून नुसतं निळंभोर आकाश आलं. विमान हँगरसमोर, म्हणजे त्याच्या शेडसमोर उभं, चाकांना लाकडी ठोकळे लावलेले, पण फोटो बघून कोणालाही वाटावं की आम्ही बापलेक आत्ता मांडूच्या वरून चाललोय.

आता हा फोटो लावायचा कुठे? अहो, जागा तर समोर होती! त्या खुर्चीवर! रिकाम्या सीटच्या फोटोवर त्याच सीटवर बसलेला बाप. मोजून बरोबर बसला. मी म्हटलं, बघा, देवालाही हेच पाहिजे होतं.

समोरची नोंद वाचली. तिचं पहिलं सोलो उड्डाण. वा! म्हणजे सगळ्यात मोठ्या दिवसाचं पान, आणि पोरीने तिथे फर्निचर चिकटवलेलं!

थांबा, तुमचा चेहरा मला कळतो. तुम्ही म्हणाल, सोलो म्हणजे एकटीने, एवढं या माणसाला माहीत नव्हतं का? होतं! चांगलं माहीत होतं! पण आपल्या घरांत एकटी म्हणजे काय असतं, ते मनाला विचारा. पोरगी एकटी परीक्षेला गेली म्हणजे बाप गेटपर्यंत, आई वर्गाच्या दारापर्यंत आणि मामा बाहेर स्कूटरवर. भोपाळला एकटी गेली म्हणजे फक्त मावशी सोबत होती. तसं पहिलं सोलो. मुलगी एकटी उडाली, बाप शेजारी. माझ्या डोक्यात यात काही चूक आलीच नाही.

लाकूड चिकटवायचा पांढरा गम घरात होता. चार कोपऱ्यांना लावून भागलं असतं, पण मला अर्धवट काम आवडत नाही. फोटोच्या पूर्ण पाठीला लावला, दाबून बसवला, वर गव्हाचा डबा ठेवला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण ट्रेझरीचा हात! कागदावर फोटो चिकटला की त्याच्या कडेवर सही आलीच, अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर. हात आपसूक गेला हो. सही आली की खाली तारीख पाहिजे. आजची घातली तर नोंदीशी मेळ बसत नाही. मग समोरच्या नोंदीतली तारीख नीट बघून तीच घातली. विमानाचा नंबरही तिथूनच उतरवला. आणि मग सोनेरी पेनने, सुवाच्य अक्षरात: 'रेवाचं पहिलं सोलो. सोबत बाबा.' दिल्लीवाल्यांना मराठी कळायची नाही म्हणून खाली हिंदीतही: 'पहली सोलो उड़ान, पिताजी के साथ.'

संध्याकाळी रेवा आली. मी पुस्तक कव्हरसकट प्लास्टिकच्या पिशवीत घालून, टेप लावून बंद करून ठेवलं होतं.

"आत हात नाही ना लावला, बाबा?"

आता इथे माणसाने खरं बोलावं की नाही? मी चिडलो. माझा हा जुना उपाय आहे, उत्तर द्यायचं नसलं की चिडायचं. "बापावर एवढा अविश्वास? ट्रेझरीत करोडोंचे कागद माझ्या हातून गेले!"

"बरं बरं, सॉरी," म्हणाली आणि पिशवी तशीच बॅगेत टाकून सकाळी दिल्लीला गेली. मी मनात म्हटलं, तिथे उघडशील तेव्हा रडशील पोरी.

रडली. पण ते नंतर.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो होतो. फोन वाजला. रेवाचा आवाज एकदम घोगरा. "बाबा, इथे कॅप्टन मॅडमना तुमच्याशी बोलायचंय. प्लीज, विचारतील तेवढंच सांगा, आणि चिडू नका."

चिडू नका म्हटलं की मला काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

मॅडमचा आवाज अगदी गोड. "सर, लॉगबुक में ये फोटो आपका है?"

"जी हाँ. मेरा ही है."

"और ये साइन?"

"मेरा ही है."

"आपने ख़ुद किया है?"

झालं! माझ्या सहीवर संशय! "मैडम, पूरी नौकरी ट्रेझरी में की है. मेरे साइन पर आज तक किसी ने उँगली नहीं उठाई!"

"जी, जी. और तारीख?"

"तारीख एकदम सही है. एंट्री से मिलाकर डाली है. विमान का नंबर भी मिलाया है. दो बार!"

"मतलब सर, उस दिन आप..."

"मतलब-वतलब कुछ नहीं, मैडम! जो लिखा है वही है. कहो तो स्टाम्प पेपर पर लिख के दे दूँ!"

"नहीं सर, इतना काफ़ी है," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी शुभदाकडे बघून कॉलर सरळ केली. "बघितलंस? एका मिनिटात गप्प केलं."

शुभदाने हातातली पोळी खाली ठेवली. "अहो, कसली सही? कसला फोटो? काय केलंत तुम्ही?"

मी सांगितलं. अभिमानाने सांगितलं! खुर्ची, फोटो, गम, गव्हाचा डबा. शुभदा ऐकत गेली आणि तिचा चेहरा पांढरा पडत गेला. "अहो, ती खुर्ची रिकामी होती म्हणून तर तिने तिचा फोटो लावला होता ना! मास्तर उतरले, ती एकटी गेली, शेजारी कोणी नव्हतं. तेच तर तिचं कौतुक!"

"मग तिने मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंत?"

तेवढ्यात पुन्हा फोन. या वेळी रेवा रडून झाली होती, आता ती रागावली होती. माझीच मुलगी आहे ती.

"बाबा, सोलो म्हणजे काय?"

"एकटीने."

"मग तुम्ही शेजारच्या सीटवर कसे?"

"अगं, ते विमान उभं होतं..."

"हे मॅडमना का नाही सांगितलंत? तुम्ही तर त्यांना तारीख मॅच करून दिलीत! आता त्या म्हणतात, पहिलंच सोलो खोटं असेल तर बाकीची सोलो कशावरून खरी? फोटो काढायला गेले तर पानच फाटतंय. कसला गम लावलात?"

"लाकडाचा."

मग ती हळू म्हणाली, "सोमवारपर्यंत क्लबकडून लिहून आणायचंय. आणि तुमचं शपथपत्र पाहिजे, त्या वेळी तुम्ही कुठे होता त्याचं. साक्षीदारासकट. घरचा साक्षीदार चालणार नाही. नाहीतर माझी जागा गेली, बाबा."

मी त्या कंपनीला शिव्या दिल्या, मॅडमला दिल्या, गम बनवणाऱ्याला दिल्या. शुभदा शांतपणे म्हणाली, "झालं? आता सांगा, कुठे होता तुम्ही त्या दिवशी?"

आता काय सांगणार? तिला माहीत होतं की. फक्त रेवाला माहीत नव्हतं. रेवाला मी सांगितलं होतं की पलासियात एका बँकेत काम होतं, म्हणून क्लबात येता आलं नाही.

मी बाथरूममध्ये होतो.

म्हटलं ना, हसायचं नाही! आमचं घर इंदूरच्या अन्नपूर्णा भागात, वरून क्लबची ती छोटी विमानं जातात. त्या दिवशी सकाळी रेवाने फोन केला, "बाबा, सर आज मला एकटीला सोडणार आहेत, येता का?" मी तिच्यावर ओरडलो की अशा गोष्टी आदल्या दिवशी सांगायच्या असतात. फोन ठेवला. आणि मग वरून तो आवाज आला, घर्रर्र. मला तो ऐकवेना. पंखा फुल केला, तरी ऐकू येई. शेवटी बाथरूममध्ये गेलो, कडी लावली, पंपाचं बटण आतच आहे ते दाबलं, खालचे दोन्ही नळ पूर्ण सोडले आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसलो. आवाज बंद!

पण पंप चालू ना! वर टाकी भरली, भरून वाहू लागली, आणि ते नळाला येणारं नर्मदेचं पाणी सगळं गेलं शेजारच्या पाटीदारजींच्या अंगणात. तिथे त्यांच्या बाईंनी पापड वाळत घातले होते. पाटीदारजी आमच्या बाथरूमच्या खिडकीवर थापा मारून ओरडत होते, "वसंत भिया, पंप बंद करो!" आणि मी आतून ओरडत होतो, "मी घरात नाही!"

तेव्हापासून आमचं बोलणं बंद. कारण मी सगळ्या गल्लीसमोर शपथेवर सांगितलं होतं की पाणी माझ्या टाकीचं नव्हतंच.

म्हणजे बघा. माझ्या मुलीने विमान एकटीने उडवलं, हे जगात सिद्ध करू शकेल असा एकच परका माणूस होता. आणि तो हा!

गेलो. काय करणार? चपला घालून गेलो. पाटीदारजी ओसरीत झोपाळ्यावर बसून शेव खात होते. मला बघून झोपाळा थांबला.

"अरे वसंत भिया! घर में हो आज?"

पहिलंच वाक्य हे! मी दात खाल्ले. सगळं सांगितलं. माणूस ऐकताना एकदाही हसला नाही, त्याने मला जास्त राग आला.

"बिटिया की नौकरी का सवाल है, अपन सब लिख देंगे," ते म्हणाले. "पर भिया, शपथ-पत्र है, पूरा सच लिखना पड़ेगा. टंकी किसकी थी?"

"उसका इससे क्या लेना-देना?"

"वाह! मैं खिड़की पे क्यों आया था, पापड़ देखने? पानी आपका था, तभी तो मैं गवाह हूँ."

बरोबर होतं, म्हणूनच तर अंगाचा तिळपापड झाला. "लिखो," मी म्हटलं. "टंकी मेरी थी."

"और नल क्यों खोला था?"

"विमान की आवाज़ नहीं सुनना थी."

"मतलब डर लग रहा था."

"डर नहीं! गुस्सा था!"

"किस पे?"

मी त्या शेवेच्या वाटीकडे बघत म्हटलं, "विमान पे."

पाटीदारजींनी वाटी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "लिख दो, डर के मारे." मी एक मूठ शेव तोंडात कोंबली. तोंड भरलं होतं, म्हणून विरोध करता आला नाही.

नोटरी पलासियाला. तिथला टायपिस्ट असा, की जे टाइप करतो ते मोठ्याने म्हणत जातो. दुकानात चार माणसं रांगेत. "शपथकर्ता... उक्त समय... अपने निवास के बाथरूम में... डर के मारे... बाल्टी पर..." मी म्हटलं, "बाल्टी काट दो." तो म्हणाला, "पाटीदारजी ने बोली है." पाटीदारजी मान हलवत म्हणाले, "मैंने खिड़की से देखी थी." रांगेतल्या एका बाईंनी मला त्यांची खुर्ची दिली. इतका अपमान माझा ट्रेझरीत कधी झाला नव्हता.

रेवा लॉगबुक घेऊन दिल्लीहून परत आली होती. क्लबात आम्ही तिघं गेलो. मी, शुभदा आणि ती. चीफ इन्स्ट्रक्टर चौहान सर, ज्यांनी त्या दिवशी तिला एकटीला पाठवलं होतं, ते टेबलामागे उभेच होते. मी आयुष्यात खूप चिडलो आहे, पण मला चिडलेला माणूस बघायची सवय नाही.

"वसंतजी, उस एंट्री के नीचे मेरा साइन है. मैंने लिखा कि लड़की अकेली गई. और सामने आपने सर्टिफाय कर दिया कि आप साथ में बैठे थे! झूठा कौन हुआ? मेरी इतने साल की नौकरी पर आपने गोंद लगा दिया!"

मला खूप काही बोलायचं होतं. पण रेवाकडे बघितलं. ती शपथपत्र वाचत होती. एकदा वाचलं. परत वरून वाचायला लागली.

"तुम्ही पलासियात नव्हता?"

"नाही."

"पहिल्या सोलोवरून उतरलं की बादलीने पाणी ओततात, तसं सगळ्यांनी माझ्यावर ओतलं, बाबा. बाकीच्यांचे आईवडील फोटो काढत होते. मला वाटलं तुम्ही माझ्यावर चिडलात म्हणून आला नाहीत."

"चिडलोच होतो!"

"इथे लिहिलंय डर के मारे."

"ते पाटीदारजींनी घातलंय."

"सही तुमची आहे," ती म्हणाली.

खाली माझीच सही होती. आणि ट्रेझरीच्या त्या सगळ्या वर्षांत कधी वाटलं नाही ते मला तेव्हा वाटलं, की आपली सही ओळखू आली नसती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "हो. घाबरलो होतो. तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं?" आणि हे सांगताना मी ओरडत होतो, बरं का. हँगरमधली पोरं बाहेर येऊन बघू लागली इतका ओरडत होतो.

रेवा हसली नाही, रडली नाही. शपथपत्राची घडी घातली आणि चौहान सरांपुढे ठेवली. "सर, प्लीज, आता तुम्ही लिहून द्या."

चौहान सरांनी ते वाचलं. वाचता वाचता त्यांचा राग कुठेतरी गळून गेला, तोंड वाकडं होऊ लागलं. मग लाल पेन घेतलं. फोटो तर निघणार नव्हता, तो तिथे जन्माचा बसलाय. त्याच्या शेजारी, माझ्या सोनेरी अक्षरांच्या अगदी खाली, त्यांनी इंग्रजीत लिहिलं, सही केली आणि क्लबचा गोल शिक्का हाणला. त्याचा मराठीत अर्थ असा: फोटोतील इसम या उड्डाणाच्या वेळी विमानात नव्हता. शपथपत्रानुसार तो आपल्या घरी, बाथरूममध्ये होता.

"बाथरूम लिहायची काय गरज होती?" मी तडकलो.

"लोकेशन तो लिखना पड़ेगा, वसंतजी. नहीं तो मैडम फिर फोन करेंगी आपको."

यावर कोणीच मला बोलू दिलं नाही.

रेवाचं काम झालं. मॅडमनी कागद बघितले, ती बॅचमध्ये गेली, आता मोठं विमान उडवते. वरून तिचं विमान जाताना मी अंगणात उभा राहतो. बाथरूममध्ये जात नाही. तो आवाज आला की पाटीदारजी त्यांच्या बाजूने ओरडतात, "पंप बंद है ना, भिया?"

पण ते लॉगबुक! ते तिला अजून जागोजागी दाखवावं लागतं. मोठमोठे कॅप्टन पान उलटतात, फोटो बघतात, शिक्का वाचतात आणि तिला विचारतात, "हाऊ इज युवर फादर?" कोणी मुद्दाम विचारतं, "अब बाहर आ गए?" ती मला हे सगळं फोन करून सांगते, अगदी हसत हसत. मी इकडे दात ओठ खातो.

मला तिच्या पुस्तकात जागा पाहिजे होती. एवढ्या जाड पुस्तकात, इतक्या विमानांच्या आणि इतक्या शहरांच्या मधे, माझ्याबद्दल शिक्का मारलेली बरोबर एक ओळ आहे, आणि ती मी कुठे नव्हतो याची आहे.

राग तर भयंकर येतो. पण काढू कोणावर? त्यात शब्द न् शब्द खरा आहे.